मर्विनची ठेच

आमच्या मॉरिस नाचाला, म्हणजे घुंगरं बांधून करायच्या इंग्रजी लोकनाचाला, सॉमरसेटमधले बाकीचे संघ 'ठेचकाळणारा नाच' म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागे बोलायची त्यांच्यात पद्धत नाही. उन्हाळ्यात कुठल्याही जत्रेत आमची माणसं पायाला घुंगरांचे पट्टे बांधायला लागली की पलीकडून कुणीतरी ओरडतंच, "ऑटरकोमवाले आले रे! आपापले ग्लास उचलून घ्या!" आणि माझा थोरला भाऊ मर्विन चेहरा जराही न हलवता सांगतो, "ठेच लागूनही जो पडत नाही तो नाचणारा, राजा. तुम्ही आपले जेवून शतपावलीला निघालेले."

ती ठेच 'बागेचा फेरा' या नाचात येते. हा नाच आम्ही सगळीकडे करत असलो तरी तो खरा वासेलच्या दिवसाचा, जानेवारीच्या मध्यावर, झाडांना भरपूर फळ धरावं म्हणून सफरचंदाच्या बागेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या झाडाभोवती करायचा. फेरा धरून नाचताना वळण यायच्या जरा आधी सगळ्यांचा डावा पाय एकदम अडखळतो, अंग मागे राहतं, घुंगरं गप्प होतात आणि मग सगळे मिळून उडी घेतात. मी त्यांची पेटी वाजवते. मेलोडियन असं तिचं नाव असलं तरी आमच्याकडे तिला कुणी पेटीशिवाय दुसरं काही म्हणत नाही. ठेचेच्या जागी मला भाता धरून ठेवावा लागतो. सगळं जमलं तर उडीनंतर सगळ्यांची घुंगरं मिळून एकच 'छन्न' ऐकू येतं. त्या एका आवाजासाठी मी आयुष्यभर जानेवारीच्या थंडीत बोटं गोठवून घेतली आहेत, आणि पुढेही घेईन.

ही ठेच नाचात आली कुठून, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्याच्या बागेत आम्ही नाचतो तो ऑब्री ट्रॅट म्हणतो, झाडाचं मूळ तिथे वर आलेलं होतं, ते ओलांडायला. आमचे पाद्री म्हणतात, जमिनीला जागं करायला. माझी आई म्हणायची, सायडर, दुसरं काय. सफरचंदाची दारू चढली की पाय अडखळणारच.

कारण काही असो, मर्विनने ती ठेच सांभाळली तशी लोक आजीचे दागिने सांभाळत नाहीत. तो आमच्या संघाचा फोरमन, म्हणजे नाच शिकवणारा. कुठे नाचायचं, कुठल्या पबमध्ये प्यायचं, यावर आमच्यात वाट्टेल तेवढी भांडणं होतात. पण नाचाच्या बाबतीत फोरमनचा शब्द शेवटचा. एकदा एका लग्नात, नवरी कौतुकाने टाळ्या वाजवत असताना, या गृहस्थाने नाच मध्येच थांबवला होता. का, तर एकाला ठेच वळण्याआधी लागायच्या ऐवजी वळून झाल्यावर लागली. "वळण्याआधी!" तो सगळ्या वऱ्हाडासमोर गरजला. "वळून झाल्यावर ठेच लागायला तू काय आंधळा आहेस?" नवरीच्या आईने आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही.

मी कुणाचं ऊठसूट कौतुक करणाऱ्यांतली नाही, भावाचं तर नाहीच. पण एक सांगते. त्याची बायको मॉरीन गेली, तिच्या मातीच्या त्याच आठवड्यात तो सरावाला आला, सगळ्यांच्या आधी, आणि खुर्च्या बाजूला सारून जागा करून ठेवली. त्याने पट्टे बांधले, मला म्हणाला, "वाजव, थेल्मा," आणि नाचला. त्या दिवशी मला कळलं की या माणसाला उभं ठेवायला नाच आहे, तोवर मी निर्धास्त राहायचं.

आणि मग सफरचंदं उतरवायच्या हंगामाच्या सुरुवातीलाच तो ऑब्रीच्या बागेत शिडीवरून पडला. फांद्या हलवायचा, वर अडकलेला आकडा सोडवायला गेला होता. शिडी एकीकडे, आकडा दुसरीकडे आणि मर्विन मधोमध, डाव्या अंगावर. खुबा मोडला. टॉन्टनच्या इस्पितळात त्याला पोलादाचा नवा बसवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाय हळूहळू ठीक होईल, पण वर्ष लागेल, आणि उड्या मारायच्या नाहीत. मर्विन म्हणाला, "उड्या नाही मारत मी. नाचतो." त्या बाईंना वाटलं, भुलीचा अंमल आहे.

नाताळ उरकल्यावर सराव सुरू झाला. आमचा सराव पबच्या मागे, चेंडूने लाकडी खुंट्या पाडायचा स्किटल्सचा खेळ चालतो त्या लांबोडक्या खोलीत होतो. मर्विन काठी दाराशी ठेवून आत आला आणि नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. त्याच्या मागे टॅमसिन कर्ल. टॅमसिन दुधाचा टँकर चालवते, हाडापेराने मजबूत पोरगी, आणि नाचात मर्विनचीच शिष्या. ठेचेच्या बाबतीत त्याच्याइतकीच कर्मठ. तिच्या मागे बाकीचे. मी पेटी सुरू केली.

ठेच आली. मर्विनचा पाय अगदी जागेवर अडखळला, उडी मारली, छन्न. माझा जीव भांड्यात पडला. मग ते वळले. वळून झाल्यावर अंगाचा भार डाव्या पायावर येतो, आणि तिथे तो नवा खुबा अडला. मर्विन थांबला. टॅमसिन त्याच्या पाठीवर आदळली, तिच्यावर मागचा, कुणाची तरी नाचायची काठी स्किटल्समध्ये जाऊन पडली. बाकीच्यांची घुंगरं वाजून गेली आणि त्यानंतर मर्विनची वाजली, एकटी.

"मर्व," कोपऱ्यात बसलेला ऑब्री म्हणाला, "नव्या खुब्याला तेल घालायचं राहिलं काय रे?"

सगळे हसले. मर्विनही हसला. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा तेच झालं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तेच, आणि आता हसायला कुणी तयार नव्हतं. मर्विन भिंतीकडच्या बाकावर बसला, वाकता येईना म्हणून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून त्याने घुंगरांचे पट्टे सोडले आणि टॅमसिनसमोर धरले.

"आजपासून फोरमन तू."

"काहीतरीच काय बोलतोस."

"चुकीची ठेच लागली म्हणून मी लोकांची लग्नं थांबवली आहेत, पोरी. आता माझीच चुकीच्या जागी लागते आहे. मी बागेत येईन, झाडात ठेवायचा टोस्ट धरून उभा राहीन. नाचणार नाही. पट्टे ठेव, कुणा नव्या माणसाला होतील."

टॅमसिनने विचारलं, "नाचाच्या बाबतीत फोरमनचा शब्द शेवटचा. ते अजून तसंच ना?"

"ते माझ्या आधीपासून तसंच आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि पट्टे घेतले.

इतक्या पटकन घेतले की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा तरी नाही म्हणायचं ना! दोनदा तरी आग्रह करायचा! आमच्याकडे उरलेला केकचा तुकडासुद्धा कुणी इतक्या चटकन उचलत नाही.

मी मर्विनला गाडीतून घरी सोडलं. दाराशी उतरताना तो म्हणाला, "थेल, माझी घुंगरं एकटी वाजली. ऐकलंस ना?"

मी म्हटलं, "ऐकलं." खोटं बोलून काय उपयोग होता? घुंगरं एकदम वाजतात की नाही, जन्मभर आम्ही दोघांनी तेवढंच तर ऐकलेलं. तो काठी टेकत आत गेला आणि पुढच्या खोलीतला दिवा काही लागला नाही. मला भीती वाटली, खरीखुरी भीती.

दुसऱ्या दिवशी टॅमसिनने आख्खी गल्ली अडवून आपला टँकर माझ्या दारात उभा केला आणि बूट न काढता स्वयंपाकघरात आली.

"थेल्मा, मर्विन वळला की त्याचा पाय जिथे अडतो तिथे तुला भाता किती धरावा लागेल?"

"कशाला? तो नाचणार नाही म्हणाला. तू ऐकलंस. झडप घालून पट्टे घेतलेस."

"घेतले, कारण फोरमन झाल्याशिवाय मला नाच बदलता आला नसता."

मी चहा ओतत होते. किटली खाली ठेवली. "काय म्हणालीस?"

"जुनी ठेच जिथल्या तिथे राहील. वळल्यावर आणखी एक घालायची. मर्विनची. त्याचा पाय अडेल तिथे सगळ्यांचा अडेल. त्याने पुढे नाचायचं आणि आपण त्याच्या पायाने नाचायचं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? हा नाच तुझ्या-माझ्या बापाचा नाही. कुणाचा खुबा मोडला म्हणून नाचात नवा खड्डा खणायचा?"

"मग जुना खड्डा कुणी खणला, सांग."

मी मुळाचं सांगितलं, पाद्र्यांचं सांगितलं, आईचंही सांगितलं. टॅमसिन ऐकत होती, माझी बिस्किटं संपवत होती.

"मला वाटतं तो कुणाचा तरी पाय होता," ती म्हणाली. "कुणीतरी पुढे नाचणारा माणूस. पाय दुखावला असेल, लढाईत म्हण, घोड्याने लाथ मारली म्हण. आणि मागच्यांनी त्याला बाजूला बसवलं नाही. तो अडखळला तसे तेही अडखळले. एवढंच झालं असेल."

"असेल म्हणजे? तुला काय माहीत?"

"मला काहीच माहीत नाही. पण तुझ्या आईच्या सायडरपेक्षा बरं कारण आहे."

मी तिच्यावर चिडलेली होते, आणि मुसमुसून रडूही येत होतं, आणि हे दोन्ही तिला दिसू नये म्हणून मी शेवटचं बिस्किट स्वतः खाल्लं. मग पेटी काढली.

पुढचे सराव आम्ही मर्विनला न कळवता केले. नाचात चूक काढायची कला सगळ्यांना येते. दुसऱ्याची चूक जशीच्या तशी नाचणं किती अवघड असतं ते मी तेव्हा पाहिलं. आमचा प्लंबर आयव्हर नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा लंगडायला लागला. टॅमसिनने त्याला फैलावर घेतलं. "लंगडायचं नाही! त्याची टिंगल करतोयस का? अंगाचा भार येऊ दे. पाय नाही म्हणेल. थांब. मग विनवणी कर त्याला." सकाळपासून दूध गोळा करून दमलेली ही बाई, पण तिने एकेकाचा गुडघा हातात धरून तो क्षण शिकवला. मी भाता धरून बसायची. कुणी कुरकुर केली नाही. या लोकांचा मला किती अभिमान वाटला, ते त्यांना सांगितलं असतं तर लाजून पबमध्ये पळाले असते, म्हणून इथे सांगते.

वासेलच्या दिवशी कडक थंडी पडली. दिवे लागायच्या वेळेला आख्खं ऑटरकोम ऑब्रीच्या बागेत जमलं, भांडी, डबे, डाव घेऊन. झाडांवरची इडापिडा पळवायला जितका गोंगाट तितका चांगला. बागेतला म्हातारा, म्हणजे ते सगळ्यात जुनं झाड, एका टेकूवर कलून उभा होता. त्याच्या बुंध्याशी ऑब्रीने एक जग भरून सायडर ओतला; नाचानंतर बार काढायला त्याच्या खांद्याला बंदूक होती. मर्विन त्याच्याजवळ, नाचाचा चिंध्यांचा कोट घालून, लांब काट्याला खोचलेला टोस्टचा तुकडा धरून. हा टोस्ट सायडरमध्ये बुडवून फांदीच्या बेचक्यात ठेवायचा, रॉबिन पक्ष्यांसाठी. मर्विनच्या कोटाला चिंध्या होत्या, टोपीला पिसं होती, फक्त पायाला घुंगरं नव्हती. मला तिकडे बघवत नव्हतं.

नाचणारे फेरा धरून उभे राहिले. पुढची जागा रिकामी होती. टॅमसिन मर्विनसमोर गेली आणि खिशातून त्याचे पट्टे काढले.

"पाय पुढे कर."

"टॅमसिन, आपलं बोलणं झालंय."

"तू बोललास. मी फोरमन आहे. पुढे तू नाचणार."

"आणि वळल्यावर? सगळ्या गावासमोर तुम्ही माझ्या पाठीवर आदळणार?"

"नाही आदळणार. जुनी ठेच आहे तिथे आहे. वळल्यावर एक नवी घातली आहे."

मर्विनचा चेहरा लालभडक झाला. त्याचा आवाज आख्ख्या बागेने ऐकला. "नाच बदललास? माझा पाय बिघडला म्हणून नाच बिघडवायचा? कुणी सांगितलं होतं तुला?"

"नाचाच्या बाबतीत फोरमनचा शब्द शेवटचा," टॅमसिन म्हणाली. टँकर चालवणाऱ्या त्या पोरीला मी पहिल्यांदाच घाबरलेली पाहिली. "तूच शिकवलंस. आता मोडायचा असेल तर मोड तो नियम. गावासमोर मोड."

तेवढ्यात ऑब्री म्हणाला, "मर्व, राजा, नाच की लवकर. माझी बंदूक गारठली, आणि म्हाताऱ्याचा उरलेला सायडर मीच पिऊन टाकीन."

मर्विनने टोस्टचा काटा ऑब्रीच्या हातात दिला. पाय पुढे केला. टॅमसिनने गुडघे टेकून पट्टे बांधले.

मी वाजवायला लागले. जुनी ठेच आली, छन्न. ते वळले. मर्विनचे खांदे आखडलेले मला दिसले. मागून धक्का बसणार म्हणून तो तयारच होता. भार डाव्या पायावर आला, पाय अडला. मी भाता धरला. मागून कुणी आदळलं नाही. मागे सगळे पाय अडले होते, अगदी त्याच्या पायासारखे, आणि सगळे थांबले होते. मग मर्विनचा पाय सुटला आणि सगळ्यांची घुंगरं मिळून एकदाच वाजली.

त्याने मान वळवून मागे पाहिलं. नाचताना मागे बघायचं नाही, हाही त्याचाच नियम.

पुढच्या फेऱ्यात पाय जरा जास्तच वेळ अडला. ते थांबले. त्याच्या पुढच्या फेऱ्यात कमी अडला, आणि ते त्याच्याबरोबर सुटले. नंतर नंतर मर्विन त्या अडण्याची भीती बाळगेनासा झाला. तिथे आला की चक्क ऐटीत थांबायला लागला. झाडाभोवती लोक डबे बडवत होते, आणि मी रडत होते, मोकळेपणाने, कारण पेटी वाजवताना नाक पुसायला हात नसतो. नाच संपल्यावर टोस्ट फांदीत ठेवला, आम्ही सगळे "वासेल!" म्हणून ओरडलो आणि ऑब्रीने फांद्यांमधून आभाळात बार काढला.

मर्विन टेकूला टेकून धापा टाकत होता. मी त्याला गरम सायडर नेऊन दिला.

"थेल," तो म्हणाला, "ती जुनी ठेच. तीही कुणाची तरी तंगडीच असणार गं."

"टॅमसिन तेच म्हणते."

"आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्याच्या तंगडीवरून लोकांना झापत होतो." तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने चिंध्यांच्या बाहीने डोळे पुसले. मग हाक मारली, "फोरमनबाई! तुमच्या त्या आयव्हरचा पाय लवकर सुटतो. बघा जरा."

उन्हाळ्यात जत्रांमधून आम्हाला नवं नाव पडलं, 'दोनदा ठेचकाळणारे'. मर्विनला ते फार आवडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसाच त्याचा पाय हळूहळू सुधारत गेला. आधी काठी गेली, मग जिना चढताना कण्हणं गेलं, आणि पानगळीपर्यंत तो चक्क सरळ चालायला लागला. उड्या मारू नका म्हणणाऱ्या बाईंना त्याने सायडरची बाटली नेऊन दिली.

पुन्हा वासेल आला. म्हातारा होता तिथे होता, गाव भांडी घेऊन जमलं, मर्विन पुढे उभा राहिला. मी पेटी सुरू केली. जुनी ठेच, छन्न. ते वळले. मी भाता धरला, आणि त्या शांततेत कुणाची तरी घुंगरं वाजली, एकटी, सगळ्यांच्या आधी.

"थांबा!" टॅमसिन सगळ्या गावासमोर गरजली. "मर्विन! ठेच कुठे गेली?"

मर्विन बावचळला. "अगं, पाय बरा झाला माझा!"

"तुझ्या पायाचं कोण विचारतंय? नाच असा आहे. पुन्हा, पहिल्यापासून!"

लोक खो खो हसले, ऑब्री तर बंदूक बाजूला ठेवून हसला. माझा भाऊ खाली मान घालून निमूटपणे आपल्या जागेवर गेला. मी पुन्हा वाजवायला लागले. जुनी ठेच आली, गेली. ते वळले, भार डाव्या पायावर आला, आणि मर्विनचा धडधाकट पाय बाकी सगळ्यांच्या पायांबरोबर अडखळला. मी भाता धरून थांबले. मग सगळी घुंगरं एकदम वाजली.